जांभळ्याच्या आतलं हिरवं

बाजारातून घेवड्याच्या जांभळ्या शेंगा आणल्या असतील, तर आज त्या शिजायला टाकून पातेल्यापासून हलू नका. पाणी उकळायला लागलं की जांभळा रंग पाण्यात उतरतो, आणि थोड्याच वेळात पातेल्यात साध्या हिरव्या शेंगा दिसायला लागतात. स्वयंपाक करणाऱ्याला यात काही नवल वाटत नाही, रोजचंच आहे. पण एकदा स्वतःला विचारून बघा, हे हिरवं आलं कुठून? पातेल्यात आपण तर हिरवं काही टाकलं नव्हतं!

ते आलं नाहीच. ते पहिल्यापासून तिथेच होतं, जांभळ्याखाली झाकलेलं.

आता अंगणात या. नांदेडला, लातूरला, बंगल्याच्या कुंपणाला, कॉलेजच्या फाटकापाशी, रस्त्याच्या दुभाजकात एक झुडूप हमखास दिसतं. तळहाताएवढी पानं, कडेने दातेरी, रंग जांभळट तांबडा, मधूनच तांब्याची झाक. नर्सरीवाले त्याला अकालिफा म्हणतात. बाकी सगळे 'ते लाल पानाचं झाड' म्हणून वेळ मारून नेतात. या झाडाकडे कुणी फुलांसाठी बघत नाही, कारण त्याची फुलं म्हणजे बारीक लोंबत्या माळा, पाकळ्यांचा पत्ताच नाही. सगळी हौस पानांची. ही पानं उकळली तरी घेवड्यासारखंच होतं. जांभळं पाण्यात विरघळणारं, म्हणून ते निघून जातं. हिरवं पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते मागे राहतं.

म्हणजे जांभळं झाड हे खरं तर हिरवंच झाड. असायलाच हवं ना! हरितद्रव्य नसेल तर ते खाईल काय?

हरितद्रव्य सूर्यप्रकाशातला निळा आणि लाल भाग भरपूर खातं. हिरवा भाग त्याला फारसा रुचत नाही, तो बराचसा परत फिरतो आणि आपल्या डोळ्यांत शिरतो. झाडं हिरवी दिसतात ती झाडांनी नाकारलेल्या रंगामुळे. या पानात दुसरंही एक रंगद्रव्य असतं, अँथोसायनिन. ते नेमका हा नाकारलेला हिरवाच गिळतं. हिरवा गेला की परत यायला उरतं काय? थोडा लाल, थोडा निळा. दोन्ही मिळून जांभळा. दोन्ही रंगद्रव्यं गच्च भरलेली असतील तर परत यायला फारसं काहीच उरत नाही आणि पान जवळजवळ काळं दिसतं. काळ्या तुळशीला आपण काळी म्हणतो ते उगाच नाही.

इथे खरा प्रश्न सुरू होतो. अँथोसायनिन प्रकाश गिळतं, पण त्यापासून साखर बनवत नाही. गिळलेली ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. मग झाडाने आपल्याच अन्नाच्या कारखान्यावर हा पडदा का टाकावा? तो बनवायलाही झाडाला साखर खर्च करावी लागते. पदरचे पैसे घालून उत्पन्न कमी करून घेणारा हा कसला व्यवहार?

उत्तर मे महिन्यात लातूरच्या रस्त्यावर दुपारी बारा वाजता चालताना दिसतं. डोक्याला रुमाल, तोंडाला दस्ती, फक्त डोळे उघडे. ऊन हवं असतं, पण इतकं नको असतं. पानाचंही तेच आहे. भर दुपारच्या उन्हात जेवढा प्रकाश पानावर कोसळतो, त्यातला बराचसा त्याला वापरताच येत नाही. हरितद्रव्य बिचारं प्रकाश पकडतच राहतं. त्याला थांबायचं बटण नाही. पकडलेल्या ऊर्जेला काम मिळालं नाही की ती ऑक्सिजनच्या रेणूंना चिथावते, आणि हे चिथावलेले रेणू पानाच्या आतल्या नाजूक यंत्रणेवरच तुटून पडतात. त्यात पाणी कमी असेल तर आणखी पंचाईत. पाणी वाचवायला पान आपली पर्णरंध्रं मिटून घेतं, रंध्रं मिटली की आत येणारा कार्बन डायऑक्साइड थांबतो, म्हणजे कारखान्यात कच्चा मालच नाही आणि वरून वीज मात्र धो धो येतेय. अशा वेळी वरचा थोडा प्रकाश परस्पर गिळून टाकणारी दस्ती पानाच्या कामी येते. शिवाय अँथोसायनिन त्या चिथावलेल्या रेणूंना शांत करू शकतं, हेही प्रयोगशाळेत दिसलेलं आहे.

हे सगळ्या शास्त्रज्ञांना एकमुखाने मान्य आहे असं समजू नका. काहींचं म्हणणं, हा रंग किड्यांसाठी आहे. बऱ्याच किड्यांना लाल रंग धड दिसतच नाही, त्यामुळे असं पान त्यांना वाळकं, निरुपयोगी वाटत असावं. दोन्ही गट पुरावे घेऊन बसले आहेत. मला स्वतःला उन्हाची बाजू जास्त पटते, आणि त्याचं कारण आपल्या दारातच आहे.

चैत्रात पिंपळाकडे बघा. आंब्याकडे बघा. कडुनिंबाच्या शेंड्याकडे बघा. नवी पानं कोणत्या रंगाची असतात? तांबूस, गुलाबी, जांभळट. जंगलातला कोशिंब तर चैत्रात असा लालभडक होतो की लांबून फुललाय असं वाटावं, आणि जवळ जावं तर ती नुसती पानं! ज्या चैत्रपालवीचं आपण इतकं कौतुक करतो, ती तेच अँथोसायनिन अंगावर घेऊन जन्माला येते. का? कोवळ्या पानाची प्रकाश वापरायची यंत्रणा अजून बांधून व्हायची असते आणि बाहेर तर मराठवाड्यातला चैत्र-वैशाख तापलेला. आंब्याचं कोवळं पान आणखी एक करतं, ते सरळ खाली लोंबतं. आडवं पसरलेलं पान माथ्यावरचं ऊन पूर्ण अंगावर घेतं, लोंबणारं पान कडेने घेतं. रंग आणि लोंबणं, दोन्ही एकाच कामाला लागलेले! पुढे पान निबर झालं, यंत्रणा तयार झाली, की जांभळं हळूहळू ओसरतं आणि पान ताठ होऊन हिरवं दिसायला लागतं.

पिंपळ जे चार दिवस लहानपणी करतो, ते अकालिफा जन्मभर करते. फरक एवढाच.

आणि आता याच रंगाची दुसरी बाजू, जी नांदेडच्या कापूस पिकवणाऱ्या माणसाला सांगायला नको. लाल्या! परतीचा पाऊस ओसरतो, रात्री गार व्हायला लागतात, बोंडं भरत असतात आणि एके सकाळी कपाशीची पानं कडेने लाल व्हायला लागलेली दिसतात. बघता बघता शेत तांबडं. नर्सरीत ज्या रंगासाठी आपण पैसे मोजतो, तोच रंग शेतात दिसला की काळजात धस्स होतं. रंगद्रव्य तेच, अँथोसायनिन. पण इथे घडतं ते वेगळं. भरणारी बोंडं पानांतून नत्र आणि मॅग्नेशियम ओढून घेतात. हरितद्रव्याच्या प्रत्येक रेणूच्या बरोबर मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो. एकच! तो एक अणू नसेल तर हरितद्रव्याचा रेणू बनत नाही. मॅग्नेशियम तुटलं की हिरवं ओसरतं, गार रात्रींमुळे आणि मुळांवरच्या ताणामुळे लाल वाढतं. म्हणून तर लाल्यावर मॅग्नेशियम सल्फेट आणि नत्र द्यायला सांगतात. लाल रंग हा तिथे रोग नव्हे. उपाशी पानाने उन्हापासून बचावासाठी शेवटी शेवटी ओढून घेतलेलं पांघरूण असावं, असाही एक तर्क आहे. स्फुरद कमी पडलं की मक्याची रोपं जांभळी पडतात, तिथेही हेच द्रव्य. ज्वारीच्या पानाला जखम झाली की त्या जागी जांभळट डाग उमटतो, तो याच घराण्यातल्या, बुरशीला अटकाव करणाऱ्या रंगाचा.

मग एवढं बहुगुणी द्रव्य आहे तर सगळी झाडं जांभळी का नाहीत? कारण प्रत्येक दिवस मे महिन्यातला नसतो. पावसाळी, झाकोळलेल्या दिवशी किंवा दुसऱ्या झाडाच्या सावलीत प्रकाशाचा कण न कण मोलाचा, तेव्हा तोंडाला बांधलेली दस्ती महागात पडते. बहुतेक झाडं म्हणूनच गरजेपुरती जांभळी होतात आणि गरज सरली की परत हिरवी. त्यासाठी त्यांच्याकडे बटणं आहेत. मायब नावाचं प्रथिनांचं एक मोठं घराणं आहे, त्यातली काही प्रथिनं अँथोसायनिन बनवणारी जनुकं चालू करतात. प्रखर ऊन, थंडी, उपासमार यांपैकी काही जाणवलं की बटण दाबलं जातं. लाल पानांचं आणि आतूनही लाल असलेलं एक सफरचंद आहे; त्याचं कोडं न्यूझीलंडच्या संशोधकांनी २००९ साली सोडवलं. त्या झाडात मायबच्या जनुकाच्या पुढ्यातला डीएनएचा एक छोटा तुकडा अनेकदा लागोपाठ छापला गेला आहे. परिणाम असा की मायब तयार झालं की ते जाऊन स्वतःचंच बटण पुन्हा दाबतं. त्यामुळे आणखी मायब, आणि आणखी बटणं. थांबायचं नावच नाही! एक बारीकशी छपाईची चूक आणि मुळापासून शेंड्यापर्यंत रंगलेलं झाड.

रानात अशी झाडं फार टिकली असती असं वाटत नाही. पण माणसाला रंगाचं वेड. अकालिफा मूळची प्रशांत महासागरातल्या बेटांवरची. तिचं शास्त्रीय नाव १८६६ साली ठेवलं गेलं ते चार्ल्स विल्क्स या अमेरिकन नौदल अधिकाऱ्यावरून. १८३८ ते १८४२ या काळात त्याच्या जहाजांनी प्रशांत महासागर पालथा घातला होता. आणि तिची एक गरीब चुलतबहीण आपल्याकडे पहिल्यापासून आहे. पावसाळ्यात भिंतीच्या कडेला उगवणारी खोकली, तीही अकालिफाच. तिला नर्सरीत कुणी जागा देत नाही, पण तिचं मूळ उपटून ठेवलं तर मांजरं त्यावर अक्षरशः लोळतात. एका बहिणीवर माणूस भाळला, दुसरीवर मांजर.

अकालिफाच्या शेजारी बोगनवेल लावलेली असते, बऱ्याच कुंपणांना ही जोडी दिसते. खाली पायथ्याशी परसात लाल माठ. तिन्हींचा रंग एकाच डब्यातला वाटतो की नाही? तसं अजिबात नाही! बोगनवेल आणि लाल माठ यांच्यात अँथोसायनिनचा थेंबही नाही. त्यांचा रंग बीटालेन नावाच्या अगदी निराळ्या द्रव्याचा, तेच बिटात असतं. घरच्या घरी पारखता येतं. जांभळांचा रस किंवा जांभळ्या कोबीचं पाणी घ्या, हे अँथोसायनिनचं. त्यात लिंबू पिळलं की लालचुटूक, खायचा सोडा घातला की निळसर-हिरवट. मग लाल माठ उकळलेल्या पाण्यात सोडा घाला. ते आपलं गुलाबी ते गुलाबीच! १६६४ साली रॉबर्ट बॉईलने फुलांच्या अर्काचे असे रंग बदलताना पाहिले होते. तुम्ही ते सिंकपाशी उभं राहून बघाल.

यातली खरी थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. ही दोन्ही द्रव्यं एकाच जातीच्या झाडात निसर्गतः कधीच एकत्र सापडलेली नाहीत. अँथोसायनिन बनवणारी झाडं बीटालेन बनवत नाहीत आणि बीटालेनवाली अँथोसायनिन बनवत नाहीत. दोन घराण्यांत जणू शपथ घातलेली. एकाच रंगापर्यंत दोन वेगळ्या वाटांनी पोचलेली ही मंडळी तुमच्या कुंपणाला एकमेकांना खेटून उभी असतात.

आता लावायचं कसं, ते सांगतो. यातही नवलाच्या जागा आहेतच.

अकालिफाला ऊन हवं. रोज निदान पाच-सहा तास. सावलीत लावली तर मरत नाही, पण रंग मळकट हिरवट होतो. का, ते आता तुम्हाला सांगायची गरज नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत, दिवसा लख्ख ऊन आणि रात्री गारवा अशा दिवसांत रंग सगळ्यात खुलतो. गारव्यात अँथोसायनिन जास्त बनतं आणि टिकतंही जास्त. कडक उन्हाळ्यात ते थोडं फिकं पडतं. त्यामुळे मे महिन्यात झाड फिकटलं म्हणून खतांचा मारा करू नका.

अडचण आहे ती आपल्या काळ्या जमिनीची. हीच माती कापसाला, सोयाबीनला, तुरीला पोसते, पण कुंपणाच्या झुडपाला ती त्रासदायक. पावसाळ्यात फुगते आणि पाणी धरून बसते, उन्हाळ्यात आकसून अशी भेगाळते की बारीक मुळं तुटतात. म्हणून खड्डा घेताना तळाला मुरूम घाला आणि काळ्या मातीत जाडसर वाळू नि कुजलेलं शेणखत मिसळा. पाणी मुळाशी साचलं की मुळांना हवा मिळत नाही, आणि झाड भरल्या पाण्यात सुकतं. काळ्या मातीत चुन्याचं प्रमाण बरंच असतं, सामू आठच्या आसपास जातो. तिथे लोह मातीत असूनही झाडाला उचलता येत नाही, आणि नव्या पानांच्या शिरा तेवढ्या हिरव्या राहून बाकी पान पिवळं पडतं. उसावर असं झालं की शेतकरी केवडा म्हणतात. जांभळ्या पानावर हे पटकन लक्षात येत नाही, रंगाच्या आड लपतं. म्हणून नव्या शेंड्यांवर नजर ठेवा.

आणि पाणी? २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर. त्या गावात बागेला पाणी घाला असं सांगताना जीभ अडखळते. अकालिफा ही निवडुंगासारखी कोरडी राहणारी नाही, तिची पानं मोठी, ऊन चढलं की माना टाकतात. पण ती चिवट आहे. संध्याकाळी थोडं पाणी मिळालं की सकाळी ताठ, आणि पानं पूर्ण गळाली तरी खोड जिवंत असेल तर पुन्हा फुटते. बुंध्याशी पालापाचोळ्याचा, उसाच्या पाचटाचा जाडसर थर दिला तर पाणी बरंच वाचतं. त्याहून काटक जांभळं हवं असेल तर पर्पल हार्ट लावा, मेक्सिकोहून आलेलं, जमिनीवर पसरणारं. त्याच्या रसाळ कांड्यांत पाणी साठलेलं असतं. विसरलात तरी रुसत नाही.

उन्हाळ्यात अकालिफावर पिठ्या ढेकूण आणि लाल कोळी येतात. पिठ्या ढेकूण पांढरा, त्यामुळे जांभळ्या पानावर लगेच दिसतो, हा या झाडाचा एक फुकटचा फायदा. पाण्याचा जोरदार फवारा पानाच्या खालच्या बाजूने मारला तर बरंच काम होतं, उरलेलं निंबोळी तेल करतं.

नवं झाड विकत घेऊ नका, शेजाऱ्याकडून फांदी मागा. मृग लागला, पहिले पाऊस पडून गेले की पेन्सिलीएवढ्या जाड फांदीचा वीतभर तुकडा घ्या, खालची पानं काढा, वर दोन-तीन ठेवा, ओल्या मातीत खोचा. तीन-चार आठवड्यांत मुळं! हे इतकं सवयीचं आहे की आपण थबकत नाही, पण थबकायला हवं. त्या तुकड्याला मूळ नव्हतंच. शेंड्याच्या कळीतून ऑक्झिन नावाचं संप्रेरक सतत खाली वाहत असतं. फांदी कापली की त्याची वाट बंद होते आणि ते काप घेतलेल्या जागी साठतं. साठलेल्या ऑक्झिनने तिथल्या पेशींना निरोप पोचतो, आणि कालपर्यंत खोड म्हणून जगणाऱ्या पेशी आपलं काम सोडून मूळ व्हायला लागतात. आपलं बोट तुटलं तर तुटलेल्या बोटाला माणूस फुटेल का? इथे फुटतो. आणि अशा फुटलेल्या झाडात नवीन असं काहीच नसतं. तुमच्या, शेजाऱ्याच्या, पलीकडच्या गल्लीतल्या एकाच रंगाच्या कुंपणातली सगळी झाडं ही फांदीफांदीने वाढवलेलं एकच झाड असू शकतं.

मात्र कधी कधी त्यातली एखादी फांदी बंड करते. विशेषतः कडेला गुलाबी रेघ असलेल्या किंवा ठिपकेदार जातींमध्ये. अशा झाडात दोन प्रकारच्या पेशी एकमेकींना चिकटून राहत असतात आणि एखाद्या कळीत फक्त साध्या हिरव्या पेशीच येतात. त्यातून निघालेली फांदी पूर्ण हिरवी. गंमत म्हणून ती ठेवावीशी वाटते, पण तिच्यावर पडदा नाही, ती जास्त प्रकाश वापरते, जास्त साखर बनवते आणि रंगीत फांद्यांपेक्षा भराभर वाढते. दोन पावसाळ्यांत ती सगळं झाड झाकून टाकू शकते. दिसल्या दिवशीच ती बुडापासून, जिथून फुटली तिथून, कापून टाका.